भाषा कोणती ते नंतर, आधी सेटअपचं बोला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी ‘पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकावी’ यावर लेख आला होता आणि मग त्यावर वाचकांची पत्रंही बरीच आली, कोणी पायथन म्हणालं, कोणी सी शिवाय पाया पक्का होत नाही म्हणालं, एकाने तर जावास्क्रिप्टवाल्यांची यथेच्छ टिंगल केली. वाचायला मजा आली. पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून हे पत्र. शिकायला बसलेला माणूस भाषेपर्यंत पोचतो कुठे हो? तो अडकतो त्याच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटरवर सगळं इन्स्टॉल करून पहिली ओळ चालवण्यापाशी. मी सुट्टीच्या दिवशी नवशिक्यांना सेटअपमध्ये मदत करायला बसतो, त्यात शाळेतली मुलं असतात, नोकरी बदलू बघणारे असतात, रिटायर झालेलेही असतात, आणि लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करून घेणारा कोड, समजला नाही म्हणून सोडून दिलेलं मी फारसं कोणी बघितलं नाही, पण सेटअपच्या भानगडीत वैतागून ‘हे आपलं काम नाही’ म्हणत लॅपटॉप मिटलेले भरपूर बघितलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांना इथेच थांबता येईल. पहिल्या दिवशी कोणाकडूनही काहीही इन्स्टॉल करून घेऊ नका. आणि ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी स्वतःचे हात आवरा, कीबोर्ड त्याचा त्यालाच वापरू द्या. बाकीचं पत्र म्हणजे याचंच स्पष्टीकरण, आणि थोडी तक्रार.

आता पहिला मुद्दा. सगळीकडे उलटं चालतं. पहिल्या तासाला ‘चला आधी सगळं इन्स्टॉल करून घेऊ’ असं म्हणतात आणि तो तास जातो, दुसराही जातो, कोणाचं डाउनलोड अडलेलं, कोणाकडे ॲडमिनचा पासवर्ड नाही, कोणाच्या मशीनमध्ये जागा नाही, आणि ज्याचं सगळं झालं तो बिचारा बाकीच्यांकडे बघत बसलेला. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे यांच्यापैकी एकानेही अजून बघितलेलं नाही, बघितलेत ते फक्त ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. त्यापेक्षा पहिल्या दिवशी सरळ ब्राउझरमध्ये बसवा. गूगल कोलॅब आहे, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायची गूगलची सोय, पायोडाइडवर चालणारी पानं आहेत ज्यात पायथन ब्राउझरच्या आतच चालतं, काही म्हणता काही टाकावं लागत नाही. मनातला आकडा ओळखायचा खेळ लिहायला लावा, दहा-पंधरा ओळींचा. आपण लिहिलेलं चाललं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग माणूस पाथबीथ (म्हणजे काय ते पुढे येतंच) सगळं सहन करतो, त्याच्या आधी का करेल?

ब्राउझर नको असेल, नेट धड नसेल, तर थॉनी वापरा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, आहे आणि त्याच्या पोटातच पायथन येतं, वेगळं टाकायची गरज नाही, शिवाय प्रोग्रॅम पायरीपायरीने चालताना व्हेरिएबलची, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या माहितीची, किंमत कशी बदलते ते समोर दिसतं. मला तर वाटतं निम्म्या लोकांना पहिले काही महिने याच्यापुढे काही लागतच नाही, पण ‘प्रोफेशनल लोक व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा एडिटर) वापरतात’ असं कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं ना, त्यामुळे थॉनी उघडला की चेहरा पडतो. असो.

मग कायम ब्राउझरमध्येच का राहू नये, असं विचारणारेही भेटतात. राहा की, हरकत नाही. पण कधीतरी स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलायची असतात, नेट नसताना काम करायचं असतं, एखादा सेन्सर जोडायचा असतो, डेटाबेस चालवायचा असतो, आणि तेव्हा स्वतःच्या मशीनवर यावंच लागतं. तो दिवस आला की सेटअपला त्याचा स्वतःचा धडा द्या. मी हे मुद्दाम धडा म्हणतोय कारण बहुतेक शिकवणारे सेटअपला शिकवण्याच्या आधीची कटकट समजतात, आणि कटकट म्हटली की ती उरकायची असते.

नवशिक्याच्या डोक्यात ‘पायथन टाकलं’ ही एकच गोष्ट असते. प्रत्यक्षात त्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि हे त्याला कोणी सांगतच नाही. लिहायला एडिटर, लिहिलेलं चालवायला इंटरप्रिटर किंवा कंपायलर, हुकूम टाइप करून सोडायची खिडकी म्हणजे टर्मिनल, आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड आणायला पॅकेज मॅनेजर. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे, त्यात पायथन नसतं, सी चा कंपायलरही नसतो. त्यात पायथन नावाचं एक एक्स्टेन्शन मिळतं, ते टाकलं की मुलांना वाटतं झालं, पायथन आलं, पण ते एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरला पायथन कळावं म्हणून केलेली सोय, कोड चालवणारा इंटरप्रिटर वेगळा टाकावा लागतो. सी शिकणाऱ्यांचं तर अजून वाईट. विंडोजबरोबर सी चा कंपायलर येत नाही, तो एमसिस २ वगैरेमधून आणावा लागतो, मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स टाकावी लागतात, उबुंटूवर बिल्ड इसेन्शियल नावाचं पॅकेज टाकलं की काम होतं. जावावाले जेआरई टाकून बसतात, म्हणजे जावाचे तयार प्रोग्रॅम चालतात पण स्वतःचा कंपाइल होत नाही, कारण त्याला जेडीके लागतं. या चार गोष्टी कागदावर चार चौकोन काढून दाखवल्या ना, तर पुढचा निम्मा गोंधळ होतच नाही, कारण मग अडल्यावर माणूस ‘चालत नाही’ असं म्हणत नाही, तो म्हणतो एडिटर उघडतोय पण इंटरप्रिटर सापडत नाहीये. नुसतं एवढं वाक्य नीट बोलता आलं तरी मदत करणाऱ्याचं काम अर्धं होतं.

आता पाथ. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात.

विंडोजवर टर्मिनल उघडून पायथन टाइप केलं आणि ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असं लाल-पांढरं काहीतरी आलं की नवशिक्या म्हणतो इन्स्टॉल झालं नाही, आणि तो पुन्हा इन्स्टॉल करतो, मग पुन्हा, मग दुसरं व्हर्जन टाकून बघतो. झालेलं असतं हो ते पहिल्यांदाच. आपण एखादं नाव टाइप केलं की टर्मिनल अख्खी डिस्क शोधत नाही, त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तेवढ्याच फोल्डरांत ते क्रमाने बघतं आणि पहिलं सापडेल ते चालवतं. ती यादी म्हणजे पाथ. पत्ता माहीत नसलेल्या पाहुण्यासारखं आहे, घर बांधलंय पण त्याला कोणी सांगितलंच नाही. पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या अगदी पहिल्या स्क्रीनवर खाली एक चौकोन असतो, ‘ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ’, आणि तो मुळात रिकामा असतो. वर मोठं ठळक ‘इन्स्टॉल नाऊ’ लिहिलेलं असताना खालचा चौकोन कोण बघतो? आता तर विंडोजसाठी पायथनवाल्यांनी नवीन इन्स्टॉल मॅनेजरही आणलाय, म्हणजे जुन्या व्हिडिओत दिसणारा स्क्रीन काहींना दिसणारच नाही.

त्यात २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० ने अजून एक गंमत करून ठेवली. पायथन टाकलेलंच नसलं तरी पायथन नावाची एक नुसती वाट दाखवणारी कमांड विंडोज स्वतःच ठेवतं आणि ती टाइप केली की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. हेतू चांगला होता, ज्याच्याकडे नाही त्याला पटकन मिळावं. पण ज्याच्याकडे आहे आणि पाथमध्ये नाही त्याचं काय होतं, तर तो पायथन टाइप करतो आणि समोर स्टोअर उघडतं, आणि त्याला वाटतं पायथन विकत घ्यावं लागतं की काय! सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन एलियासेस म्हणून जागा आहे, तिथे ही वाट बंद करता येते, पण हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं. बरं, अशा वेळी नुसतं पीवाय टाइप करून बघा असं मी सांगतो, पायथनबरोबर येणारा लाँचर त्या नावाने असतो आणि पाथचा चौकोन विसरलेला असला तरी तो बहुतेक वेळा चालतो.

पाथ दुरुस्त केला तरी अजून एक खड्डा आहे. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनीच यादी धरून बसतं, कारण ते सुरू होतानाच यादीची प्रत घेतं. म्हणजे बरोबर केलंय, तरी तोच एरर, आणि मग बरोबर केलेलं माणूस चुकीचं समजून परत मोडतो. टर्मिनल बंद करून नवीन उघडा, व्हीएस कोडमधलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा. आणि नेटवर सेटेक्स नावाच्या कमांडने पाथ बदला असं सांगणारे बरेच आहेत, त्यांच्या नादी लागू नका, ती कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, यादी लांब असेल तर शेपूट गायब आणि मग दुसरीच सॉफ्टवेअरं चालेनाशी होतात. विंडोजची पाथ बदलायची खिडकी आहे ना, तीच वापरावी.

टर्मिनलमधल्या बाकी खाचाखोचा म्हटलं तर बारीक आहेत पण नवशिक्याला त्या भिंतीच वाटतात. पायथनच्या आत शिरल्यावर तीन बाणांची खूण दिसते, तिथे उभं राहून ‘पायथन हॅलो डॉट पीवाय’ टाइप केलं तर सिंटॅक्स एरर येणारच, कारण ती कमांड टर्मिनलला द्यायची असते, पायथनला नाही. आपण आत्ता कोणाशी बोलतोय हे बघायची सवय लागली पाहिजे. मार्गदर्शनाच्या पानांवर कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह छापलेलं असतं, ते टर्मिनलचं चिन्ह असतं, टाइप करायचं नसतं, पण कॉपी केलं की तेही बरोबर येतं. बऱ्याच लिनक्सवर सुडोचा, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवतानाचा, पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा येत नाहीत, माणसाला वाटतं कीबोर्ड बंद पडला. वर्डमध्ये नोट्स काढल्या असतील तर अवतरण चिन्हं वाकडी होतात आणि पायथनला ती चालत नाहीत. हे सगळं एकेका मिनिटात सुटतं हो, पण शेजारी कोणी असेल तर, नसेल तर संध्याकाळ जाते.

आणि त्याच्याही खाली एक थर आहे जो आम्ही जुने लोक गृहीत धरतो, फाइल आणि फोल्डर. मोबाइलवर वाढलेल्या मुलांनी फाइल कुठे ‘ठेवली’ हा विचारच कधी केलेला नसतो, ॲप उघडलं की गोष्टी असतात, संपलं. त्यांना ‘ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथे जा’ हे वाक्य कळत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. विंडोज मुळात फाइलनावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली हॅलो डॉट पीवाय खरंतर हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी असते आणि स्क्रीनवर मात्र ते दिसत नाही. हे एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग मी सगळ्यात आधी चालू करायला लावतो. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये सरकलेला असतो, फोल्डरच्या नावात स्पेस असते, युजरनेम देवनागरीत असलं तर काही जुनी टूल्स अजूनही गडबडतात. म्हणून कामासाठी एक वेगळा साधा फोल्डर, नाव रोमन अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. आणि स्वतःच्या फाइलला रँडम डॉट पीवाय किंवा टर्टल डॉट पीवाय असं नाव देऊ नका, कारण मग पायथन त्याचं खरं रँडम मॉड्यूल (पायथनबरोबर येणारा तयार कोड) सोडून तुमचीच फाइल उचलतं, आणि जो एरर येतो त्यावरून कोणालाही काही कळत नसे. पायथन ३.१३ पासून मात्र या एररमध्येच ‘फाइलचं नाव बदलून बघा’ अशी सूचना येते, ज्याने कोणी हे केलं त्याचं भलं होवो.

मॅकवाल्यांचं थोडक्यात. जुन्या सूचनांमध्ये पाथसाठी बॅश प्रोफाइल फाइल बदला असं असतं, पण २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं नेहमीचं शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये हुकूम ऐकणारा प्रोग्रॅम, बॅश नाही, झेडशेल आहे, त्यामुळे ती फाइल कितीही बदलली तरी ढिम्म काही होत नाही. २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ आली तेव्हा ॲपलने त्यातलं जुनं पायथन २.७ काढून टाकलं. आणि २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या चिपवर होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं, इंटेलवर वेगळ्या. लिनक्सवाल्यांना एवढंच की उबुंटूवर नुसतं पायथन नाही, पायथन ३ टाइप करायचं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टच्या पॅकेजेसना वेगळी जागा, हा विषय पहिल्या दिवशी काढू नये असं माझं मत आहे, काही जण भांडतील. पण टाळताही येत नाही आता. २०२३ मध्ये डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आलं, त्यानंतर तिथे आणि त्यावरून निघालेल्या लिनक्समध्ये सरळ पिपने (पायथनचा पॅकेज मॅनेजर) पॅकेज टाकायला गेलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो, म्हणजे हे पायथन सिस्टिमचं आहे, तुमच्या प्रयोगाला वेगळं घ्या. बरोबरच आहे ते. पण नेटवर उपाय काय सांगतात, तर ब्रेक सिस्टिम पॅकेजेस नावाचा पर्याय जोडा. अहो त्या पर्यायाच्या नावातच लिहिलंय ना काय होणार आहे ते! प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हेन्व, म्हणजे अशी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, तयार करायला एक ओळ लागते, ती सोय २०१२ च्या पायथन ३.३ पासून भाषेबरोबरच येते. विंडोजच्या पॉवरशेल या टर्मिनलमध्ये ते ॲक्टिव्हेट करताना ‘स्क्रिप्ट्स चालवायला बंदी आहे’ असं येतं, तेव्हा एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या ते ठरवणारं सेटिंग, फक्त स्वतःच्या युजरपुरती रिमोटसाइन्ड करावी, अख्ख्या मशीनची उघडी टाकू नये.

आता हात आवरण्याचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नवशिक्याला एरर आला की मदत करणारा काय करतो, तर ‘सरक जरा’ म्हणून खुर्ची ओढतो, टर्मिनलच्या खिडक्या भराभर उघडतो, सहा कमांड मारतो आणि ‘झालं बघ’ म्हणून निघून जातो. काम होतं. पण त्या पोराने बघितलं काय? जादू. आणि शिवाय एक गोष्ट न बोलता त्याला कळली की हे मला जमणारं नाही, याला कोणीतरी जाणकार लागतो. पुढच्या वेळी पाथचाच एरर आला तरी तो परत तुम्हालाच फोन करणार, आणि तुम्ही वैतागणार की कितीदा सांगायचं. सांगितलंत कुठे? केलंत. द कार्पेन्ट्रीज नावाची संस्था आहे, तिची सुरुवात १९९८ साली सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री म्हणून झाली, संशोधकांना कोडिंग शिकवतात, ते आपल्या शिकवणाऱ्यांना आणि मदतनीसांना स्पष्ट सांगतात की शिकणाऱ्याचा कीबोर्ड ताब्यात घेऊ नका. त्यांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद देतात, एक लावला की माझं चाललंय, दुसरा लावला की मला मदत हवी, म्हणजे हात वर करून सगळ्यांसमोर अडाणी ठरायची भीती नाही. २०१४ ला बर्लिनमधून सुरू झालेले जँगो गर्ल्सवाले (बायका-मुलींना वेबसाइट बनवायला शिकवणारे) तर वर्कशॉपच्या आदल्या संध्याकाळी नुसती इन्स्टॉलेशन पार्टी ठेवतात, बायका-मुली येतात, गप्पा मारत सगळं टाकून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कोडला सुरुवात. इतकी साधी गोष्ट आहे, तरी आपल्याकडचे क्लासवाले पहिल्या तासात इन्स्टॉलेशन कोंबतात.

मी बसतो तेव्हा सुरुवातीला एकच विचारतो, स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. बहुतेकांनी वाचलेलंच नसतं, एरर आला एवढंच बघितलेलं असतं. वाचताना निम्म्यांना स्वतःलाच कळतं. मग कुठली सिस्टिम, कुठलं व्हर्जन, टर्मिनल कुठल्या फोल्डरमध्ये उभं आहे. कमांड मी बोलतो, तो टाइप करतो, आणि एंटर दाबायच्या आधी काय होईल असं वाटतं ते विचारतो. वेळ लागतो, हो, तुमच्या तिप्पट लागतो. फोनवरून मदत करताना फोटो मागू नका, एररचा मजकूर कॉपी करून पाठवायला सांगा, कारण मोबाइलने काढलेल्या तिरक्या फोटोत नेमकी शेवटची ओळ कापलेली असते आणि पायथनमध्ये खरी गोष्ट शेवटच्या ओळीतच असते.

आणि कृपा करून ‘सोपं आहे रे’ म्हणू नका. तुम्हाला धीर द्यायचा असतो, पण समोरच्याला ऐकू येतं की सोप्यातच अडकलाय हा. तसंच त्याच्या शेजारी उभं राहून विम (टर्मिनलमध्ये चालणारा जुना एडिटर) चांगला की व्हीएस कोड यावर दुसऱ्या मदतनीसाशी वादही घालू नका. (विममधून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता, यावरून काय ते समजा. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर टाकताना एडिटर निवडायचा स्क्रीन येतो, तिथे विम तसाच ठेवू नका एवढंच सांगतो.)

जुन्या व्हिडिओंबद्दल बोलायलाच हवं. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी प्रिंटला कंस नसलेले धडे अजून फिरतायत आणि मुलं ते जसंच्या तसं टाइप करून एरर खातात. सी प्लस प्लसचं तर विचारूच नका, बोरलँडचं टर्बो सी प्लस प्लस आलं १९९० साली, भाषेचं पहिलं प्रमाणीकरण झालं १९९८ साली, म्हणजे ते सॉफ्टवेअर प्रमाण भाषेच्याही आधीचं, आणि तरी अजून काही ठिकाणी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) घालून तेच शिकवतात. मग ते पोर घरी जीसीसी हा आजचा कंपायलर टाकतं आणि पुस्तकातला एकही प्रोग्रॅम चालत नाही, आयोस्ट्रीम डॉट एच ही जुनी फाइल सापडत नाही, लिनक्सवर असेल तर कोनिओ डॉट एचही सापडत नाही. पोराला वाटतं माझं सेटअप बिघडलंय. सेटअप ठणठणीत असतं, शिकवणं तीस वर्षं मागे असतं.

आता एआय चॅटबॉट आलेत, त्यांना विचारून सेटअप करणारे वाढलेत, आणि मी त्याच्या विरोधात नाही. एररचा अर्थ सांगायला ते चांगले आहेत, रात्री दोन वाजता न कंटाळता सांगतात. पण आपली सिस्टिम कोणती हे सांगितलं नाही तर ते लिनक्सच्या कमांड विंडोजवाल्याला देतात, आणि एक उपाय चालला नाही की दुसरा, मग तिसरा, असं करत मशीनवर तीन पायथन, दोन पॅकेज मॅनेजर आणि वाकडातिकडा पाथ असं सगळं साठतं. अशी मशीन माझ्यासमोर आली की दुरुस्तीपेक्षा आधी साफसफाईच करावी लागते. कमांड चालवायच्या आधी तिचा प्रत्येक शब्द काय करतो हे चॅटबॉटलाच विचारा, आणि सुडो किंवा डिलीट असलेली कमांड न समजता मारायचीच नाही, हा नियम मी घालून देतो. डाउनलोडचंही तसंच, सर्चमध्ये वर जाहिराती येतात, त्यात नकली पानं घुसतात, म्हणून पत्ता स्वतः टाइप करून मूळ साइटवरच जायचं. पिपने पॅकेज टाकताना स्पेलिंग नीट बघायचं, कारण नावाजलेल्या पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून घातक कोड ठेवल्याचे प्रकार पायपीआय या पायथन पॅकेजांच्या कोठारात अनेकदा सापडलेत.

आमच्या वयाच्या काही मंडळींचं म्हणणं असतं की आम्ही झगडून शिकलो म्हणून पक्के झालो, यांना एवढं आयतं कशाला द्यायचं. मला हे पटत नाही. झगडून शिकलेले तेवढे आज इथे बोलायला उरलेत, झगडून सोडून गेलेले काय म्हणतात ते कोणी विचारायला गेलंय का? आणि ते सोडून गेले ते काही बुद्धीने कमी होते म्हणून नाही, बऱ्याचदा शेजारी विचारायला कोणी नव्हतं, मशीन जुनी होती, इंग्रजी एररची भीती वाटत होती. झगडायचंच असेल तर रिकर्शनशी (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याशी) झगडू दे ना, चौकोनात टिक करायची राहिली याच्याशी कशाला?

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी प्रोग्रॅमिंग शिकण्यावर काही छापाल तेव्हा भाषांच्या तुलनेच्या तक्त्याला अर्धी जागा द्या आणि उरलेल्या अर्ध्यात एकाच सिस्टिमचं सेटअप सुरुवातीपासून शेवटपर्यंत छापा, आणि डोक्यावर ठळक अक्षरांत लिहा की हे कोणत्या सिस्टिमवर, पायथनच्या कोणत्या व्हर्जनवर आणि कोणत्या महिन्यात करून बघितलंय. लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर नाही, तर कोऱ्या मशीनवर किंवा निदान नवीन युजर अकाउंट काढून केलेलं असावं, कारण आपल्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं आणि कुठली पायरी लिहायची राहिली ते कळतच नाही. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं ते लिहा, आणि ते दिसलं नाही तर कुठे बघायचं तेही. तपासायला आधी एखाद्या कधीच कोड न लिहिलेल्या माणसाला तो मजकूर वाचून करायला लावा आणि शेजारी गप्प बसून बघा. ऑफिसात असा कोणी सापडला नाही तर मला कळवा, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दोघे-तिघे आनंदाने तयार होतील.

आपला,
एक नियमित वाचक